चाहत्यांचे कथालेखन आणि समीक्षेचे औचित्य

दुसऱ्या लेखकाने निर्माण केलेली पात्रे घेऊन त्याच्या चाहत्यांनी हौसेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या कथांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. आपल्या विद्यापीठीय चर्चेत या लेखनाचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा अनुकरण किंवा वाङ्मयचौर्य अशा शब्दांनी होतो. या कथांचे वाङ्मयीन मूल्य ठरविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. परस्परांच्या लेखनाची चिकित्सा करताना या लेखकांनी जे संकेत घडविले, त्यांतून मराठी समीक्षेने काही घ्यावे आणि काही टाळावे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

या लेखनाच्या आधुनिक परंपरेचा आरंभ सामान्यतः ‘स्टार ट्रेक’ या १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेपासून मानला जातो. १९६७ साली तिच्या चाहत्यांनी ‘स्पॉकेनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले आणि तशा नियतकालिकांची रीघ लागली. कथांवरील अभिप्राय वाचक पत्रांनी कळवीत. पुढे हा व्यवहार संगणकाच्या माध्यमात गेला. २००९ साली वाचकांना खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनीच चालविलेल्या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या लेखकांना सर्वाधिक खटकणारा दोष कोणता? अशुद्धलेखन आणि अर्धवट सोडलेल्या कथा यांविषयी तक्रारी असतातच. परंतु पात्र आपल्या स्वभावाला सोडून वागले, हा त्यांचा मुख्य आक्षेप असतो. कथानक बदलणे त्यांना मान्य असते. स्वभावाशी फारकत मात्र कारण दाखविल्यावाचून मान्य नसते. आपल्या काव्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. उपजीव्य कथेतील रसाला प्रतिकूल असा भाग कवीने टाकावा आणि रसानुकूल असा नवा भाग कल्पावा, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितले, त्याचबरोबर रामायणादी सिद्धरस कथांत रसविरोधी स्वैरता करू नये, असेही बजावले. कालिदासाने महाभारतातील शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप आणला आणि दुष्यंताला सावरले. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या शेवटी राम-सीतेचे पुनर्मीलन घडविले. चाहत्यांची तक्रार म्हणजे औचित्यविचाराचेच हौशी रूप होय.

दुसरा संकेत अधिक विचार करावयास लावणारा आहे. कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी ती एखाद्या विश्वासू वाचकाला दाखविली जाते. त्याला ‘बीटा रीडर’ म्हणतात. तो भाषा तपासतो, विसंगती दाखवितो आणि प्रसंगी कथा पुन्हा लिहावयास सांगतो. प्रसिद्धीनंतर मात्र, लेखकाने मागितल्याखेरीज उघड दोषदर्शन करू नये, असे अनेक जण मानतात. फुकट दिलेल्या भेटीतील उणिवा चारचौघांत मोजू नयेत, ही त्यामागील भूमिका. दोष वेळीच दाखविले तर लेखकाच्या उपयोगी पडतात, एवढे शहाणपण या संकेतात आहे. तथापि त्याची मर्यादाही उघड आहे. प्रसिद्ध झालेली कृती केवळ लेखकाची राहत नाही. तिच्याविषयी वाचकांनी आपसांत काय बोलावे, हे लेखकाच्या अनुज्ञेवर सोपविता येत नाही.

समीक्षा कशी बिघडते, याचेही उदाहरण याच परंपरेत सापडते. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका छोट्या विडंबनकथेत ‘मेरी स्यू’ हे पात्र रंगविले. ही साडेपंधरा वर्षांची सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट सर्वांची लाडकी असते आणि शेवटी सर्वांना रडवून मरते. लेखिकेच्या आत्मगौरवाच्या हौसेवरील ही थट्टा मार्मिक होती. परंतु नावाचा शिक्का झाला आणि तो कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्रावर उमटू लागला. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी ‘एंटरप्रायझिंग विमेन’ (१९९२) या अभ्यासग्रंथात नोंदविल्याप्रमाणे, या शिक्क्याच्या धास्तीने काही लेखिकांनी स्त्रीपात्रे निर्माण करणेच टाळले. दोष सुधारण्यासाठी आलेली संज्ञा निर्मितीलाच अटकाव करू लागली.

आपल्याकडेही ‘रंजनपर’, ‘भाबडे’, ‘प्रचारकी’ ही विशेषणे विश्लेषणाची जागा घेताना दिसतात. विशेषण लावले की कृती वाचण्याची जबाबदारी संपली, असा समज त्यामागे असतो. उलटपक्षी, प्रसिद्धीपूर्वी नवोदिताचे हस्तलिखित बारकाईने वाचून देणारा वाचक आपल्या विभागांत दुर्मीळ आहे. कारण त्या श्रमाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. संस्करण आणि समीक्षा या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली लेखकासाठी असते, दुसरी वाचकासाठी. पहिलीचे काम दुसरीवर लादले की समीक्षा मास्तरकीकडे झुकते, आणि दुसरीचा संकोच पहिलीत शिरला की हस्तलिखितावरही केवळ कौतुकाचा शेरा पडतो. हौशी लेखकांनी यांतील पहिल्या क्रियेला तरी मानाचे स्थान दिले. मराठीच्या अध्यापकांनी नवोदितांसाठी तेवढे करावयास हरकत नसावी.