उसातली वाघाटी आणि क्रॉसची मांजर



आज पिकाचं काही नाही, एका फोनचं लिहितोय.

मागच्या आठवड्यात आमच्या खोडव्याला तोड लागली. दुपारच्याला टोळीतली एक बाई ओरडली, "मालक, बिबट्याची पिल्लं!" सगळे कोयते टाकून बांधावर. जाऊन बघितलं तर पाचटात दोन पिल्लं, मुठीएवढी, अंगावर तांबूस ठिपके, डोळे नुकते उघडलेले. बिबट्याची नव्हती, वाघाटीची होती. आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात तोडीच्या वेळी अशी पिल्लं सापडतात न् दरवेळी बिबट्या म्हणून पळापळ होते. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या गावठी कोंबडीएवढी.

मुकादमाला सांगून तेवढा तुकडा उभा ठेवला, वनविभागाला फोन केला. त्यांनी पिल्लं तपासली आणि अंधार पडताना त्याच जागी टोपलीत ठेवली. रात्रीतून आई आली न् एकेक करून घेऊन गेली. सकाळी टोपली रिकामी. बरं वाटलं. म्हणून इथं फोटो टाकला होता, तुम्ही पाहिला असेल.

त्या फोटोवरून फोन आला. शहरातला पोरगा, बोलायला गोड. "काका, पिल्लं आहेत का अजून? चांगले पैसे देतो. मोठी करून पर्शियन बोक्याशी क्रॉस करायचीत. अशा मांजरांना लाखात मागणी आहे." म्हटलं, बाबा, आई घेऊन गेली. तर म्हणतो, "मग पुढच्या तोडीला बघा की." फोन ठेवला, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. त्यानं मलाच विचारलं असेल असं थोडंच आहे? आज मी नाही म्हटलं, उद्या कुणी अडला-नडला हो म्हणेल.

पुतण्याला विचारलं, हे क्रॉसच्या मांजराचं काय प्रकरण आहे. त्यानं सांगितलं, मग मीही दोन-चार रात्री वाचत बसलो. ते तुमच्यापुढं ठेवतो.

अमेरिकेत जीन मिल नावाची एक बाई होती. तिच्याकडं आशियातलं बिबट मांजर होतं, जे आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही आहे. 1963 साली त्या मादीला घरच्या काळ्या बोक्यापासून पिल्लू झालं. पुढं 1980 नंतर तिनं हे काम परत नेटानं सुरू केलं आणि त्यातून बेंगाल नावाची जात उभी राहिली. गंमत म्हणजे या जातीत आपल्याकडचंही रक्त आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक ठिपकेवालं साधं भटकं मांजर तिला दिसलं, ते तिनं नेऊन या कामात वापरलं. बाईचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी ठिपक्याच्या कातड्याचे कोट घालायची फॅशन होती, त्यासाठी रानमांजरं मारली जायची आणि मागं राहिलेली पिल्लं दुकानात विकली जायची. घरातच तसं दिसणारं मांजर असलं तर लोक जंगलातल्याच्या मागं लागणार नाहीत, असं तिला वाटायचं.

तशीच दुसरी सव्हाना. आफ्रिकेतलं उंच पायाचं सर्व्हल आणि घरचं मांजर यांचा क्रॉस, पहिलं पिल्लू 1986 सालचं. तिसरी चौसी, ती तर आपल्या उसात, नदीकाठाला फिरणाऱ्या रानमांजराच्या जातीवरनं केलेली.

आता यातलं एफ-वन, एफ-टू आपल्याला कुणी शिकवायला नको. मक्याच्या बियाण्याच्या पिशवीवरनं ते पाठ झालंय. फक्त इथं दर पिढीला परत घरचंच मांजर लावतात. म्हणजे जुन्या मापात सांगायचं तर एफ-वनमध्ये जंगलाचं रक्त अच्छेर, एफ-टूमध्ये पावशेर, पुढं अदपाव, चौथ्या पिढीत छटाक. छटाकभर राहिलं की बऱ्याच ठिकाणी त्याला पाळीव धरतात. पण अच्छेरवालं घरात ठेवायचं तर इंग्लंडात धोकादायक जंगली जनावरांच्या 1976 च्या कायद्याखाली परवाना लागतो. ऑस्ट्रेलियानं 2008 साली सव्हाना देशातच येऊ द्यायची नाही असं ठरवलं, कारण तिथली लहान जनावरं आधीच मांजरांनी बेजार केलीत.

मी क्रॉसच्या विरोधात आहे असं समजू नका. माझ्या गोठ्यात तीन एचएफ क्रॉस गाई आहेत, घर त्यांच्या दुधावर चालतं. कुणी म्हणेल, काका, तुम्ही केलं ते चालतं न् आम्ही केलं तर पाप? म्हणून हिशोब मांडतो.

एचएफचा क्रॉस झाला तो दुधासाठी. दोन्हीकडची जनावरं हजारो वर्षं माणसाच्या दावणीची. तरी त्याची किंमत आहेच. उन्हाळ्यात धापा टाकतात, कासेचं दुखणं मागं लागतं आणि गोऱ्हा झाला तर कुणाला नको असतो. ते गोऱ्हे कुठं जातात हे आपण सगळे जाणतो, बोलत नाही. दूध आपण पितो, किंमत गोऱ्हा देतो.

मांजरांच्या क्रॉसमध्येही गोऱ्हे आहेतच. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतले बोके बहुतेक वांझ निघतात, खेचरासारखे. ते पैदाशीच्या कामाचे नाहीत. घरात ठेवावेत तर जंगलाचा स्वभाव अंगात. हद्द आखायला सोफ्यावर, गादीवर मुततात, पाहुणा आला की कपाटावर चढून बसतात. कातडी एका पिढीत सुंदर मिळते, स्वभाव निवायला चार पिढ्या जातात. मधल्या पिढ्यांचं काय करायचं?

आणि सुरुवात कुठून होते ते बघा. लहान कालवडीला मोठ्या वळूचं भरवलं की अडते, रात्रभर डॉक्टरची वाट बघावी लागते, हे आपण भोगलंय. इथं सव्वा किलोची वाघाटी न् चार-पाच किलोचा बोका पिंजऱ्यात कोंडायचा विचार चाललाय! त्या पोराला हे कुणी सांगितलंय का? त्याला फक्त लाख दिसतात.

आणखी एक. हौस फिटली, मांजर आवरेना, मग ते गाडीत घालून कुठं सोडणार? शहराबाहेर, आपल्याच उसात. स्कॉटलंडमध्ये पाळीव आणि भटक्या मांजरांशी संकर होत होत तिथलं खरं रानमांजर जवळजवळ संपलं. 2019 ला जाणकारांनी सांगितलं की आता ते स्वतःच्या बळावर टिकणार नाही. मग पिंजऱ्यात पैदास करून 2023 पासून परत डोंगरात सोडायला लागले. एकदा मिसळलेलं रक्त वेगळं काढता येत नाही. देशी बियाण्याचं आपलं तेच झालं, आज शोधत फिरतो.

माझं मत एवढंच. ज्याला ठिपक्याचं मांजर हवंय त्यानं गावठी पाळावं. दिल्लीचं भटकं मांजर अमेरिकेला चाललं, तर आपल्या गल्लीतलं तुम्हाला का चालू नये? उसातली पिल्लं मात्र विकायची वस्तू नाही. ती उंदीर खाऊन आपलंच काम करतात, मजुरी मागत नाहीत. त्या अमेरिकेतल्या बाईला वाटलं होतं की घरात ठिपके आले की लोक जंगलाचा नाद सोडतील. मला आलेला फोन त्याच्या उलटं सांगतोय.

कायद्याचंही सांगतो. वाघाटी आणि बिबट मांजर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा, आणि तीन ते सात वर्षं आत जायची तरतूद आहे. पैसे देणारा फोन बंद करून मोकळा होईल, सापडेल तो ऊसवाला नाहीतर टोळीतला गरीब.

तोड चालू आहे, म्हणून परत सांगतो. पिल्लं दिसली तर हात लावू नका, दूध पाजू नका, कुत्री लांब ठेवा, तेवढ्या चार सऱ्या उभ्या राहू द्या. 1926 हा वनविभागाचा फुकटचा नंबर आहे, त्यावर कळवा. टोळीला पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा. एक दिवस तोड मागं-पुढं झाली म्हणून टनेज घटत नाही.

आणि तो पोरगा हे वाचत असेल तर, बाळा, एकदा रानात ये. पिल्लू मिळणार नाही. रात्री पाणी धरायला बरोबर चल, नशीब असलं तर बांधावरून जाताना दिसेल. आमची लाईट या आठवड्यात रात्रीचीच आहे.