वणवा डोंगरावर, झळ शिवारात

उत्तराखंडात २०१६ आणि २०२४ साली पेटलेली अरण्ये, ऑस्ट्रेलियातील २०१९-२० चा होरपळलेला उन्हाळा, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत शिरलेल्या ज्वाळा, या वणव्यांना वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर स्थान मिळाले. सह्याद्रीतील वणव्याच्या वाट्याला तेवढे लक्ष येत नाही. तो एकाच वेळी मोठी अरण्ये गिळत नाही. दरवर्षी थोडेथोडे गवत, रोपटी आणि माती खात राहतो. म्हणूनच तो अधिक घातक म्हणावा लागतो, कारण त्याची सवय होऊन जाते.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) हा महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. त्याचे दाट जंगल मुख्यतः पश्चिमेच्या अकोले तालुक्यात एकवटले आहे. तेथे १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे मात्र माळराने व कुरणे आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य त्यांतलेच. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत या दोन्ही भागांना आगीचे भय असते.

आपल्याकडचा वणवा आपोआप क्वचितच लागतो. कोणी मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, कोणाच्या शेतातील राबाची ठिणगी बांध ओलांडते, कोणी जळत्या विडीचे थोटूक फेकतो, तर कोणा पर्यटकाची शेकोटी विझवायची राहून जाते. जाळले की गवत जोमाने येते, हा समजही फार जुना आहे. राखेवर हिरवे कोंब लवकर फुटतात, हे खरेच. परंतु वारंवार जळणाऱ्या कुरणात पवन्या, मारवेल यांसारखी सकस गवते मागे हटतात आणि जनावरांच्या तोंडाला टोचणारी कुसळी बळावते. आज दिसणाऱ्या हिरवळीची किंमत उद्याच्या चाऱ्याने मोजावी लागते.

ही किंमत या जिल्ह्याला परवडणारी आहे काय? २०१८-१९ च्या दुष्काळात येथे सरकारी खर्चाने चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्या जिल्ह्यात जनावरांसाठी चारा दुरून आणावा लागतो, त्याच जिल्ह्यात डोंगरावरचे गवत राख व्हावे, याला दैवदुर्विलास म्हणून चालणार नाही. तो व्यवस्थेचा दोष आहे.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. प्रवरा आणि मुळा या नद्या अकोल्याच्या डोंगरांत उगम पावतात. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेकाठची शेती त्याच्या पाण्यावर उभी राहिली. पाचोळा व गवत जळून उघडा पडलेला उतार जूनच्या मुसळधार सरी झेलू शकत नाही. माती ओघळून धरणाच्या पोटात जाते आणि डोंगरात मुरावयाचे पाणी वाहून जाते. अकोल्यात पेटलेल्या वणव्याची झळ अशा रीतीने राहुरी, श्रीरामपूरच्या शिवारापर्यंत पोहोचते.

उपाययोजना नाही, असे नाही. १९२७ चा वन कायदा राखीव वनात आग लावणाऱ्यास शिक्षा सांगतो आणि वनातील हक्क उपभोगणाऱ्यांवर आग विझविण्यास साह्य करण्याचे बंधनही घालतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देत आली आहे. परंतु उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. ती विझवावी लागते हिरव्या फांद्यांच्या झोडण्यांनी, आणि त्या हाती घेण्यास सर्वांत जवळ असतो तो डोंगराखालचा गावकरी. जंगल सरकारचे आणि गवतही सरकारचे, असे त्यास वाटत असेल, तर मध्यरात्री त्याने कड्यावर का धाव घ्यावी?

याचे उत्तर याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दिले आहे. तेथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावानेच स्वीकारली आणि वाढलेले गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांस राहिली. जे गवत आपल्या गोठ्यात यावयाचे आहे, त्याची राखण सांगावी लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. अकोल्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांना तो केवळ कागदावर न राहता प्रत्यक्षात मिळावयास हवा. दिवाळीनंतर गवतकापणी, फेब्रुवारीपूर्वी जाळरेषांची कामे, त्यांवर गावातल्यांनाच मजुरी, राब भाजण्याचे ठरलेले दिवस आणि पर्यटकांच्या शेकोटीवर कडक बंदी, एवढे नियमाने झाले तरी पुष्कळ साधेल.

दंडाची जरब हवीच. पण जरब बसविणारा पहारेकरी प्रत्येक डोंगरावर उभा करता येत नाही. ज्याला वनाचा लाभ मिळतो, तोच त्याचा पहारेकरी होतो. हा लाभ गावाच्या पदरात पडत नाही, तोवर दर फाल्गुनात होळी गावात एक आणि डोंगरावर अनेक पेटत राहतील.