रिस्ट्रिक्ट म्हणजे बंद नाही ना भाऊ!



मागे अकोल्याच्या बॅचमध्ये एक ताई करारपत्र घेऊन आल्या. फिनाइल-हँडवॉशची एजन्सी मिळत होती. पण कागदावर लिहिलं होतं, "सेल्स आर रिस्ट्रिक्टेड टू अकोला डिस्ट्रिक्ट". ताई म्हणाल्या, "सर, अकोल्यातच विकायले मनाई आहे, मंग एजन्सी कायले घेऊ?" त्या कंपनीला फोन करून नाही म्हणणारच होत्या.

अर्थ बरोबर उलटा आहे. रिस्ट्रिक्टेडच्या पुढे 'टू' आला की त्यापुढे जे लिहिलं, तेवढं वावर तुमचं. वावराला धुरा असते ना, तसं. धुऱ्याच्या आत पाहिजे तेवढं पेरा. म्हणजे ताईंनी मूर्तिजापूरला माल द्यावा, खुशाल. दर्यापूरचं गिऱ्हाईक आलं तर मात्र कंपनीला विचारावं लागेल, कारण दर्यापूर अमरावती जिल्ह्यात येतं. मनाई असती तर तिथे 'प्रोहिबिटेड' लिहिलं असतं. हा फरक मला बीबीएच्या तीन वर्षांत कोणी सांगितला नाही, दुकानाने शिकवला.

माझं मत स्पष्ट आहे. हा शब्द वाचला की आपण शटर पाडतो, आणि ही सवय 2021 ने लावली. त्या फेब्रुवारीत अमरावतीत लॉकडाऊन लागला, तेव्हा दुकानं खरोखरच बंद होती. पण जूनच्या शेवटी राज्यभर निर्बंध आले ते वेगळे होते: अत्यावश्यक नसलेली दुकानं सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 पर्यंत चालू. मी मात्र "निर्बंध आहेत" ऐकून नेहमीसारखा 11 ला दुकान उघडायचो आणि दिवसभर कुरकुर करायचो. बाजूचे काका सकाळी आठलाच बसायचे. माझ्या हातात पाच तास, त्यांच्या हातात आठ. आदेश दोघांना एकच होता! माझी सकाळची गिऱ्हाइकी त्यांच्याकडे गेली ती अजून पूर्ण परत आली नाही.

आता उधारी. आपल्याकडे अर्ध्या दुकानांत 'आज नगद, कल उधार' ची पाटी असते, आणि पाटीखालीच उधारीची वही! बंदी लावायची आणि पाळायची नाही. त्यापेक्षा रिस्ट्रिक्ट करा. माझ्या दुकानात उधारी 2000 रुपयांपर्यंत, फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला, आणि मागचं चुकतं झाल्याशिवाय पुढचं नाही. सुरुवातीला दोन-तीन जण रुसले. एक तर माझे मावसभाऊच. बोलले नाहीत महिनाभर, पण दिवाळीच्या आधी येऊन जुने 1400 रुपये देऊन गेले, आणि जाताना नवीन 900 चा माल उधार घेऊन गेले.