महासंगणक आला, आज्ञावलींचे काय?

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेच्या ‘अर्क’ महासंगणकाचे सप्टेंबर २०२४ मध्ये लोकार्पण झाले. मात्र, यंत्राचा वेग वाढला म्हणजे हवामानाचे गणितही त्याच प्रमाणात वेगवान होते, असे नाही.

मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात सागरी प्रवाहांचे गणित कळीचे असते. त्यासाठी समुद्राचे चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील तापमान, क्षारता व प्रवाह काढले जातात. चौकटींची लांबी-रुंदी निम्मी केली की त्यांची संख्या चौपट होते; गणनेतील कालांतरही निम्मे करावे लागत असल्याने एकूण काम आठपट वाढते. हा भार हजारो प्रक्रियकांत वाटला, तरी शेजारच्या चौकटींची माहिती एकमेकांना कळविण्यात बराच वेळ खर्ची पडतो. शिवाय, कामाचा अवघा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रक्रियक जोडले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही, असे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेले सूत्र सांगते.

त्यामुळे आता उपाय आज्ञावलींच्या भाषेत शोधले जात आहेत. सागरी प्रारूपांची परंपरागत भाषा असलेल्या फोर्ट्रानच्या २००८ च्या प्रमाणकात समांतर गणनेसाठी ‘को-अ‍ॅरे’ची सोय झाली. अमेरिकेत विकसित झालेले, ‘ज्युलिया’ भाषेतील ‘ओशनॅनिगन्स’ हे प्रारूप तर ग्राफिक्स प्रक्रियकांवरही चालते. परंतु जुन्या आज्ञावली नव्याने लिहिण्यास सागरशास्त्र व संगणनशास्त्र दोन्ही जाणणारे मनुष्यबळ हवे. यंत्रांइतकीच तरतूद या माणसांसाठीही झाली नाही, तर महासंगणकाची बरीचशी ताकद वापराविनाच राहील.