सूर्यास्ताआधीची घाई आणि तापलेली कढई



महावीरस्वामींच्या निर्वाणानंतर थोरले भाऊ नंदिवर्धन शोकात बुडाले, तेव्हा बहीण सुदर्शनाने त्यांना घरी बोलावून जेवू घातलं. आपल्या परंपरेत भाऊबीज तिथून सुरू झाली असं मानतात. दुःखी भावाला दोन घास भरवणं, एवढंच ते जेवण. त्याच जेवणासाठी आपल्या बारामती-इंदापूरच्या घरांत संध्याकाळी पाचनंतर जी पळापळ होते, तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे.

दिवाळीत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्या घरात त्याआधी सगळ्यांची ताटं व्हायला हवीत. नणंदबाई बारामतीहून इंदापूरला निघतात, एसटी निमगाव केतकीला रेंगाळते, आणि पाहुणे येऊन टेकतात तेव्हा साडेपाच झालेले असतात. मग दोन्ही शेगड्या मोठ्या. एकीवर पुऱ्या, दुसरीवर मूगडाळीची भजी, आणि समोर एकटी सून. तेवढ्यात बाहेरून हाक येते, "अगं, पाणी आण गं जरा." ती दोन मिनिटं हलते. कढई पेटायला तेवढी दोन मिनिटं पुरतात.

नियम सूर्यास्ताआधी जेवण्याचा आहे, गरम पुरीचा नाही. गरम पुरीचा हट्ट आपला, आणि त्याचं खापर मात्र धर्मावर.

शेगडी पेटवण्याआधी आपण पुंजणी फिरवतो, मुंगी जळू नये म्हणून. श्वेतांबर घरांत याला जयणा म्हणतात, दिगंबर घरांत यत्नाचार. आपण तर अग्नीलाही जीव मानतो, म्हणजे गरजेपेक्षा मोठी ज्योत हाही दोषच. मग पुंजणी फिरवून झाल्यावर कढई रामभरोसे सोडून जायचं, ही कुठली जयणा?

तेल आधी धूर सोडतं. तो दिसला की गॅस बंद. तसंच तापत राहिलं तर ज्योत न लागताही ते आपोआप पेटतं. त्या वेळी हात पाण्याकडे जातो आणि तिथेच घात होतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ! ती जळतं तेल उधळत वर येते. म्हणून हात सुरक्षित पोहोचत असेल तर गॅस बंद करायचा, कढईवर घट्ट झाकण किंवा परात सरकवायची, आणि गार होईपर्यंत उघडायची नाही. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावायचं तर नाहीच. झाकण तळण सुरू करतानाच ओट्यावर ठेवा. आग आवरत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढून १०१ लावा. पण आपल्या वाड्या-वस्त्यांवर बंब पोहोचायला वेळ लागतो, तोवरचं घरातल्यांनाच ठाऊक हवं.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण लावूही नका, बंदही करू नका. पणती लावलेल्या खोलीत तर थांबूच नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन. केशरी नळीवरची तारीख एकदा वाचा, पाच वर्षांनी ती बदलायची असते.

नव्या साडीचं काय? पॉलिस्टर पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. सासूबाईंनीच सांगावं, "सुती नेस गं, ओवाळताना बदल." आणि भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली धरा. तिथे गाळलेल्या पाण्याचा विचार करत बसू नका, हळद-टूथपेस्टही नको.

या भाऊबीजेला माझं मत असं, की सहा पदार्थांऐवजी तीन करा. तळण चारच्या आत उरकून डब्यात भरा. पाणी ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. भावानेसुद्धा.