पानिपत

तळें व गांव ह्या दोन सामान्यनामांपासून आपलें ‘तळेगांव’ हें विशेषनाम झालें. पानिपताचें मात्र उलट झालें. १४ जानेवारी १७६१ रोजीं तेथें मराठ्यांचा दारुण पराभव झाला आणि त्या नगराचें नांव मराठींत ‘सर्वनाश’ ह्या अर्थाचें सामान्यनाम होऊन बसलें. मुलगा परीक्षेंत नापास झाला, कीं ‘पानिपत झालें’ असे उद्गार घरांत निघतात.

आमच्या मतें हा अर्थ अपुरा आहे. त्याच लढाईंत जखमी होऊन एका पायानें कायमचे अधू झालेले महादजी शिंदे १७७१ सालीं दिल्ली घेणाऱ्या मराठी सरदारांत होते. तेव्हां पालकांनीं हा शब्द उच्चारतांना पुढील दहा वर्षांचेंही स्मरण ठेवावें, आणि विद्यार्थ्यांनीं पुन्हां पुस्तक उघडावें.