कासचिकित्सेची सुरुवात चुलीपासून व्हावी

देवरूख परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना कासाचा रुग्ण नवा नाही. आषाढ-श्रावणातील ओलसर हवा असो वा मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचा गारठा, खोकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची रीघ असतेच. त्यांतील काहींच्या जवळच्या कागदावर ‘ब्राँकायटिस’ असा शेरा असतो आणि मागणी एकच असते : काहीतरी नैसर्गिक द्या. या मागणीला उत्तर म्हणून वैद्याने चूर्णाची पुडी बांधावी किंवा दुकानदाराने कासहर पाकाची बाटली पुढे करावी, इतके पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राँकायटिस म्हणजे श्वासनलिकांच्या आतील अस्तराचा शोथ. त्याचा आशुकारी प्रकार बहुधा विषाणुजन्य असतो. त्यातील खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात बहुतांशी आपोआप शमतो. केवळ कफ पिवळा दिसतो म्हणून प्रतिजैविकांची गरज भासत नाही. जीर्ण प्रकार मात्र वेगळा. लागोपाठ दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने कफयुक्त खोकला राहिला आणि त्याला अन्य कारण सापडले नाही, तर त्यास जीर्ण ब्राँकायटिस म्हणतात. चरकाने चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात कासाचे पाच प्रकार वर्णिले आहेत. ब्राँकायटिस त्यांपैकी कोणत्याही एकाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून कागदावरील शेरा पाहून नव्हे, तर दोष, बल, काल आणि हेतू पाहूनच आपणास चिकित्सा ठरवावी लागते.

यांतील हेतूकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. सुश्रुताने उत्तरतंत्रात कासाची कारणे सांगताना धूर आणि धूळ यांचा उल्लेख अगदी आरंभीच केला आहे. त्याच तंत्रात, थोडक्यात सांगायचे तर कारण टाळणे हीच चिकित्सा, असेही तो म्हणतो. ही दोन वचने एकत्र ठेवून आपल्या तालुक्याकडे पाहावे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसची शेगडी आली. तरीही आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी, भात उकडण्यासाठी वा सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी चूल पेटतच राहिली. पावसाळ्यात ओली लाकडे धुमसतात आणि त्यांचा धूर बंद स्वयंपाकघरात कोंडतो. पेरणीपूर्वीची भाजावळ, जांभ्याच्या चिरेखाणींतील धूळ आणि विडीचे व्यसन यांची त्यात भर पडते. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या गृहिणीला जीर्ण कास जडतो, तो अशा धुरानेच. तिला सकाळ-संध्याकाळ सितोपलादी द्यावे आणि तिने त्याच धुरात बसून ते चाटावे, ही चिकित्सा नव्हे.

म्हणून केसपेपरवर एक प्रश्न कायमचा छापावा, असे मी सुचवितो : घरात चूल कोठे आहे, ती कोण पेटविते आणि धुराला वाट आहे काय? चूल सोप्याबाहेर किंवा पडवीत नेणे, कौलांत धुराडे बसविणे, लाकडे पावसाळ्यापूर्वी वाळवून ठेवणे, खाणीत नाका-तोंडावर नीट बसणारा मुखवटा वापरणे आणि विडी सोडणे, हे उपाय पथ्य म्हणून औषधाच्या आधी लिहून द्यावेत. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली देवरूखात मातृमंदिराचे कार्य आरंभिले, तेव्हापासून घरातील स्त्रीपर्यंत आरोग्य नेण्याची परंपरा या गावाला आहे. तिला हा विचार परका वाटणार नाही.

याचा अर्थ औषधे गौण आहेत असा नाही. कुंपणाला सहज वाढणारा अडुळसा हे कोकणचे वैभव आहे. त्यातील वासिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध घडविले गेले. कोरड्या वातज कासात स्नेहन, कफप्रधान कासात कंटकारी व पिंपळी, जीर्ण व दुर्बल रुग्णात अगस्त्य हरीतकी, ही आपली बलस्थाने होत. मात्र प्रत्येक द्रव्याला मर्यादा आहे. गर्भिणीला अडुळसा देऊ नये, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन संभवते. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये. सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. ही गोष्ट मधुमेही रुग्णाला कोणी सांगतो काय?

औषधविक्रेत्यांचे उत्तरदायित्व येथूनच सुरू होते. वंशलोचनाच्या नावाखाली कृत्रिम द्रव्य सर्रास विकले जाते. तालीसपत्राऐवजी थुनेराची पाने मिसळली जातात, आणि थुनेर विषारी आहे. स्वस्त माल घेताना ही भेसळ आपण कोणाच्या श्वासात घालीत आहोत, याचे भान असावे. २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधांनी अनेक बालके दगावली. ती औषधे आयुर्वेदीय नव्हती. त्यानंतर घाबरलेले पालक मोठ्या विश्वासाने आपल्या दुकानाची पायरी चढत असतील, तर त्या विश्वासाला पात्र राहावयास हवे. उत्पादकाकडे प्रत्येक बॅचच्या चाचणीचा दाखला मागणे आणि ग्लिसरीनसारखा द्रव वापरलेल्या पाकाबाबत तो विशेष काटेकोरपणे मागणे, हा दुकानदाराचा धर्म होय.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. खोकला दोन आठवडे वा त्याहून अधिक टिकला की थुंकीची क्षयाकरिता तपासणी झालीच पाहिजे. ती शासकीय रुग्णालयात विनामूल्य होते. महिनोन्‌महिने कासहर पाक देत राहिल्याने क्षयाचे निदान लांबते आणि तोवर घरातील मुलाबाळांना संसर्ग होतो. थुंकीतून रक्त, बसल्या जागी लागणारी धाप, निळसर ओठ, छातीत टोचणारी वेदना, न उतरणारा ताप किंवा वेगाने घटणारे वजन दिसल्यास रुग्णाला तात्काळ पुढे पाठवावे. जीर्ण कासाच्या रुग्णाची श्वसनक्षमता यंत्रावर एकदा तरी मोजून घ्यावी. यात कोणत्याही शास्त्राचा कमीपणा नाही. साध्यासाध्यतेचा विचार करून मगच हात घालावा, हीच आपल्या आचार्यांची शिकवण आहे.

‘नैसर्गिक’ हा शब्द बाटलीवरील वेष्टनासाठी नाही. निर्मळ हवा ही फुप्फुसाची पहिली गरज आहे आणि ती मिळवून देणे हा पहिला नैसर्गिक उपाय आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासद वैद्याने आपल्या जुन्या कासाच्या रुग्णांपैकी निदान दहा जणांच्या घरची चूल पाहून यावी, आणि प्रत्येक दुकानदाराने दोन आठवड्यांहून जुना खोकला सांगणाऱ्यास बाटली देण्यापूर्वी वैद्याकडे धाडावे. एवढे केले तरी या वर्षीची कासचिकित्सा अधिक शास्त्रशुद्ध होईल.